मग ते वर्ल्ड कपात किती मॅच जिंकले?

*ताई, सा. न. वि. वि.*

*मी कोल्हापूरचा, वय ४१. पेठेतल्या संघाकडून अकरा वर्षं फुटबॉल खेळलो, लेफ्ट बॅक. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि खेळ सुटला. घरी पडून होतो तेव्हा मेहुण्याने एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं, फुटबॉल आणि राजकारणावरचं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं आणि नादच लागला. आता कपाटात अशी तीसेक पुस्तकं आहेत. ऑलिंपिक, वर्णभेद, शीतयुद्ध, सगळं वाचतो.*

*अडचण अशी, की आता मॅच बघवत नाही. शाहू स्टेडियमवर बसलो तरी डोक्यात हेच, की याच्या मागे कोण, पैसा कुणाचा, झेंडा कुणाचा. मित्रांना सांगायला जावं तर म्हणतात, "खेळात राजकारण आणू नको." मला 'प्राध्यापक' असं नाव पडलंय. परवा चहाच्या गाड्यावर होंडुरास आणि अल साल्वादोरच्या 'फुटबॉल युद्धा'ची गोष्ट वीस मिनिटं सांगितली. सगळं ऐकून घेऊन आमच्यातला एक म्हणाला, "मग ते वर्ल्ड कपात किती मॅच जिंकले?" मला सांगता येईना. सगळे हसले. धाकटा बारा वर्षांचा आहे, तो रात्री म्हणाला, "बाबा, मग आपण मॅच बघायची का नाही?"*

*ही पुस्तकं बंद करू का? आणि एकाच प्रसंगाची दोन पुस्तकांत दोन रूपं दिसतात, तेव्हा विश्वास कुणावर ठेवायचा?*

*— एक वाचक, कोल्हापूर*

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, त्याबद्दल माफ करा. हसले ते तुमच्या मित्राच्या प्रश्नाला. गाड्यावर उभं राहून जो माणूस मध्य अमेरिकेतला जमिनीचा तंटा वीस मिनिटं ऐकून घेतो आणि मग विचारतो की ते मॅच किती जिंकले, तो मला फार आवडला. त्याचा पुढचा चहा माझ्याकडून. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण अगदी शेवटी. तोवर मोबाइल उघडून शोधू नका.

पुस्तकं बंद करू नका. एकतीस वर्षं मी एका सार्वजनिक वाचनालयात काढली. आमच्याकडे खेळाची पुस्तकं 'छंद व करमणूक' या कपाटात असायची, एका बाजूला लोणची-मुरंबे, दुसऱ्या बाजूला गच्चीवरची बाग. दर वर्षी खरेदीच्या यादीवर कार्यकारिणीतलं कुणी ना कुणी बोट ठेवायचं: "हे बॅट-बॉलचं कशाला? काही वैचारिक घ्या की." त्या कपाटातली अर्धी पुस्तकं खरं तर इतिहासाच्या कपाटात जायला हवी होती, हे मला निवृत्तीच्या जवळ आल्यावर समजलं. तुम्ही लिगामेंट तुटल्यावर शिकलात, म्हणजे माझ्या बरेच आधी.

पण तुमची तक्रार मी थोडी उलटी वाचली. तुम्ही म्हणता, पुस्तकांनी माझी मॅच हिरावून घेतली. मला वाटतं, पुस्तकातली मॅचच तुम्ही वाचत नाही. ती पानं भराभर उलटून राजकारणाकडे धावता. होंडुरासचंच बघा. तिथे राहणारे तीनेक लाख साल्वादोरी, जमीनसुधारणेच्या कायद्याखाली त्यांना हुसकावणं, १४ जुलै १९६९ चा अल साल्वादोरचा हल्ला, शंभर तासांची लढाई, हे सगळं तुम्हाला पाठ असणार. पण त्याआधी या दोन देशांत झालेल्या वर्ल्ड कप पात्रतेच्या तीन सामन्यांचे निकाल सांगता येतील?

तेगुसिगल्पात पहिला सामना होंडुरासने १–० जिंकला. सान साल्वादोरमध्ये दुसरा अल साल्वादोरने ३–० घेतला. तेव्हा गोलांची बेरीज करायची पद्धत नव्हती, म्हणून तिसरा सामना तटस्थ जागी, मेक्सिको सिटीत. ९० मिनिटांनंतर २–२. जादा वेळेत १०१ व्या मिनिटाला मॉरिसियो 'पिपो' रॉड्रिगेझने गोल केला, ३–२. तुम्ही बचाव फळीत खेळलेले. त्या क्षणी होंडुरासचा बचाव कुठे होता, रॉड्रिगेझला मोकळा कुणी सोडला, हा प्रश्न पडायला हवा होता तो तुम्हाला. युद्धाला ५० वर्षं झाली तेव्हा त्या रॉड्रिगेझला पत्रकारांनी गाठलं. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की त्या गोलाचा खेळाडू म्हणून मला अभिमानच आहे, आमच्या विजयाचा वापर सत्तेतल्यांनी केला. म्हणजे गोल त्याचा आणि वापर दुसऱ्यांचा. या दोन गोष्टी त्याने स्वतःच्या मनात इतकी वर्षं वेगळ्या ठेवल्या. तुम्हाला तीन वर्षांत ते जमलं नाही, एवढीच काय ती अडचण.

आता विश्वासाचं. ही युद्धकथा जगभर पोहोचली ती पोलंडचा पत्रकार रिशार्ड कापुश्चिन्स्कीमुळे. तो स्वतः होंडुरासमध्ये होता, लढाई त्याने पाहिली होती, आणि लिहायचा असा की पुस्तक हातातून खाली ठेववत नाही. पण तो गेल्यावर, २०१० साली, त्याचं मोठं चरित्र आलं आणि त्यात त्याच्या लेखनात खरं कुठे संपतं आणि रचलेलं कुठे सुरू होतं यावर बराच ऊहापोह झाला. म्हणून काय ते पुस्तक रद्दीत घालायचं? नाही. मी ते कीर्तनासारखं वाचते. कीर्तनातलं आख्यान ऐकताना आपण 'शकावली दाखवा' म्हणत नाही, पण घरी येऊन पोथी उघडून बघायला कुणी मनाईही केलेली नाही. जमिनीचं प्रकरण, हुसकावलेली कुटुंबं आणि लष्करी राजवटी यांच्याबद्दल इतिहासकारांनी लिहिलेलं वेगळं वाचा. मग 'फुटबॉलमुळे युद्ध झालं' हे वाक्य तुम्ही गाड्यावर पुन्हा म्हणणार नाही. फुटबॉलच्या आधी कित्येक वर्षं लाकडं रचून ठेवलेली होती.

तुमचे मित्र म्हणतात, खेळात राजकारण आणू नको. यावर भांडू नका, त्यांना पळवणकर बाळूंची गोष्ट सांगा. १८७६ च्या सुमाराचा जन्म, चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची हे त्यांचं काम. डावखुरी फिरकी. ती इतकी तयार झाली की पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला त्यांना संघात घेणं भागच पडलं. मैदानात सगळे एकत्र, त्याच चेंडूला सगळ्यांचे हात. चहाच्या सुट्टीत मात्र सवर्ण मंडळी आत चिनी मातीच्या कपातून चहा पिणार, आणि ज्याने सकाळभर बळी घेतले तो बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यातून. जेवणही वेगळं.

आता विचारा त्या मित्रांना, इथे राजकारण कुणी आणलं? बाळूंनी आणली होती ती फिरकी. राजकारण त्या कपात आधीच होतं.

पुढे १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघं होते. १९११ साली पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. दौरा आखण्यामागे साम्राज्याशी निष्ठा दाखवण्याचा हिशोब होता. संघ सपाटून हरला, बाळूंनी मात्र १०० हून जास्त बळी घेतले. एवढं करूनही त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली. आणि गोष्ट इथेही सरळ राहत नाही. बाळू पुढे राजकारणात उतरले आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत चक्क डॉ. आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसकडून उभे राहिले, हरले. आपल्याला नायक एका रेषेत चाललेला आवडतो. चांगलं पुस्तक ती रेषा मोडतं आणि आपण थोडे हिरमुसतो. मला तर त्या निवडणुकीबद्दल वाचल्यावर दोन दिवस पुस्तक पुढे वाचवलं नव्हतं.

हे सगळं रामचंद्र गुहांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या इंग्रजी पुस्तकात सविस्तर आहे. पण तुमच्यासाठी त्याहून गोड बातमी अशी, की विठ्ठल पळवणकरांनी स्वतःचं आत्मचरित्र मराठीत लिहिलंय, 'माझे क्रीडा-जीवन', १९४८ सालचं. इंग्रजी शब्दकोश त्या दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवा. बाजारात मिळणं कठीण. तुमच्याकडे करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, तिथे आणि इतर जुन्या वाचनालयांत चौकशी करा. यादीत नाही म्हणाले तरी एकदा 'आत्मचरित्रे'चं कपाट स्वतः बघू द्या म्हणून विनंती करा. जुन्या वाचनालयांत पुस्तक हरवत नाही, चुकीच्या कपाटात जाऊन बसतं. (हे मी स्वतःच्या अपराधावरून सांगतेय.)

आणि बाकी कशाला, तुमच्या कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावं काय? पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमीतून पेठ उभी राहिली, पेठेतून फुटबॉलचा संघ. तालमीला आश्रय कुणाचा, मंडळाचा अध्यक्ष कोण, निवडणुकीला त्याचं काय, हे चहाच्या गाड्यावरच्या प्रत्येकाला तुमच्याआधी ठाऊक आहे. त्यांना राजकारण कळत नाही म्हणून ते तुम्हाला गप्प करत नाहीत. चालू मॅचमध्ये तुम्ही बोलता म्हणून करतात.

सामना आणि राजकारण दोन्ही एकत्र कसं वाचायचं, यासाठी मी तुम्हाला एकच माणूस देते: क्रिकेटपटू बेसिल डिऑलिव्हेरा. त्याच्यावर पीटर ओबोर्न यांनी लिहिलेलं २००४ सालचं चरित्र मिळवा. मात्र पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी ऑगस्ट १९६८ मधलं लंडनचं ओव्हल मैदान गाठा.

पार्श्वभूमी दोन ओळींत: केपटाउनचा मुलगा, वर्णभेदी कायद्याच्या भाषेत 'कलर्ड', म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या संघाची दारं बंद. त्याने इंग्लंडमधले समालोचक जॉन अर्लट यांना हिरव्या शाईत पत्रं लिहिली, मला तिकडे खेळायला मिळेल का म्हणून. १९६० साली लँकेशायरमधल्या मिडलटन क्लबात संधी मिळाली, १९६६ साली तो इंग्लंडकडून कसोटी खेळला. आणि १९६८ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा दौरा होता तो नेमका दक्षिण आफ्रिकेचा.

आता ओव्हल. डिऑलिव्हेरा संघात नव्हताच. रॉजर प्रिडो आजारी पडला म्हणून त्याला बोलावणं आलं. ३१ धावांवर असताना ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक बॅरी जार्मनने त्याचा झेल सोडला. तो झेल जार्मनच्या ग्लोव्हजमध्ये बसला असता तर पुढचा वीस वर्षांचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला असता, असं म्हणायला जागा आहे. झेल सुटला आणि डिऑलिव्हेराने १५८ केल्या. गंमत इथे संपत नाही. शेवटच्या दिवशी पावसाने मैदानाचं तळं झालं, प्रेक्षकांनी उतरून पाणी टिपलं, खेळ सुरू झाला आणि ऑस्ट्रेलियाची एक जोडी हलता हलेना. ती फोडली डिऑलिव्हेराने. त्रिफळा कुणाचा? जार्मनचा. मग इंग्लंडच्या अंडरवुडने बाकीचे गुंडाळले आणि अवघी काही मिनिटं उरली असताना इंग्लंड जिंकलं.

हे वाचताना तुमच्या डोक्यात वर्णभेद नसावा. जार्मनचे ग्लोव्हज असावेत. कारण पुढच्या पानावर जे येतं त्याचा धक्का तेव्हाच बसतो: सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याचा संघ जाहीर झाला आणि १५८ करणाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. मग टॉम कार्टराइट दुखापतीने बाहेर पडला, लोकक्षोभही झालाच होता, डिऑलिव्हेराला घ्यावं लागलं. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी असला संघ आम्हाला चालणार नाही असं जाहीर केलं, दौरा रद्द झाला. १९७० पासून दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या बाहेर गेली ती १९९१ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात ईडन गार्डन्सवर आपल्याशी एकदिवसीय सामना खेळायला उतरली तेव्हाच परतली. ते बघायला आमच्या वाचनालयाच्या शिपायाने कुणाचा तरी छोटा टीव्ही आणून वृत्तपत्र विभागात लावला होता, आणि मी काही ऐकलं नाही असं दाखवलं.

ओबोर्न यांनी पुस्तकात पडद्यामागचं बाहेर काढलं: डिऑलिव्हेराने आपणहून दौऱ्यातून अंग काढून घ्यावं म्हणून त्याच्यापुढे वर्षाला ४,००० पौंडांची प्रशिक्षकाची नोकरी कशी ठेवली गेली, कोण कुणाला गुपचूप भेटलं. हे सगळं जबरदस्त आहे. पण मला त्यात सगळ्यात जवळचं वाटलं ते वेगळंच. डिऑलिव्हेराने स्वतःचं वय चोरलं होतं. खरं वय कळलं तर या म्हाताऱ्याला कोण घेणार, ही भीती. वर्णभेदाने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली होती, ती त्याने कागदावर परत मिळवली. तुम्ही अकरा वर्षं खेळलात, तीन वर्षांपूर्वी थांबलात. ते पान तुमच्याइतकं मला कळणार नाही.

आता मुख्य गोष्ट. पुस्तक ठेवायचं की परत करायचं, हे मी कसं ठरवते? पन्नास पानांत खेळाडूचं अंग दुखलं का, हे बघते. गुडघा, खांदा, भूक, झोप, सरावाचा कंटाळा, राखीव खेळाडूच्या बाकावर बसण्याची शरम. काही पुस्तकांत यातलं काहीच नसतं. फक्त शिखर परिषदा, मंत्री, करार आणि मध्येच एखादा ऑलिंपिकवीर सोंगटीसारखा या घरातून त्या घरात. अशी पुस्तकं हुशार असतात आणि तुम्हाला प्राध्यापक करतात. ती वाचू नका असं नाही, पण तुमच्या सध्याच्या प्रकृतीला ती मानवणारी नाहीत.

एकाच प्रसंगाची दोन रूपं, हा तुमचा प्रश्न मी विसरले नाही. एप्रिल १९७१, जपानमधलं नागोया, टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा. आपली बस चुकलेला, लांब केसांचा अमेरिकन खेळाडू ग्लेन कोवन चिनी संघाच्या बसमध्ये चढतो. बसमध्ये शांतता. अमेरिकनांशी बोलणंसुद्धा धोक्याचं. मागच्या बाकावरून तीन वेळचा विश्वविजेता च्वांग त्सतुंग उठतो, दुभाष्याला घेऊन पुढे येतो आणि हुआंगशान पर्वताचं रेशमावरचं चित्र कोवनला भेट देतो. कोवन परत द्यायला म्हणून पिशवीत हात घालतो तर आत नुसता कंगवा! थोड्याच दिवसांत अमेरिकन संघ बीजिंगमध्ये, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये तिथे राष्ट्राध्यक्ष निक्सन.

कित्येक वर्षं ही 'नशिबाने चुकलेल्या बसची' गोष्ट म्हणून सांगितली गेली. निकोलस ग्रिफिन यांचं या विषयावरचं पुस्तक वाचलंत तर नशीब थोडं बाजूला सरकतं आणि बीजिंगची तयारी दिसायला लागते. या खेळाची जागतिक संघटना उभी करणारा आयव्हर मॉन्टेग्यू हा श्रीमंत इंग्रज घराण्यातला कम्युनिस्ट होता आणि सोव्हिएत हेरही, इथपासून ती गोष्ट मागे जाते. मग खरं काय? मला विचाराल तर दोन्ही. वरच्यांनी दार किलकिलं ठेवलं होतं. पण त्या बसमध्ये मागच्या बाकावरून उठून यायचं की नाही हे च्वांगला त्या काही मिनिटांत एकट्यालाच ठरवायचं होतं, आणि माओच्या सांस्कृतिक क्रांतीतला छळ पाहिलेल्या माणसाला ते काय वाटलं असेल? त्याच्या आधीचा रोंग ग्वोत्वान, १९५९ साली चीनला कुठल्याही खेळातलं पहिलं विश्वविजेतेपद मिळवून देणारा, १९६८ साली छळाला कंटाळून स्वतःचा जीव घेऊन बसला होता. ही माहिती नसेल तर बसमधला प्रसंग गोड वाटतो. असेल तर पोटात गोळा येतो. म्हणून कुठला लेखक खरा, असं विचारण्यापेक्षा कुठल्या लेखकाने बसमधल्या बाकांवर कोण कोण बसलं होतं हे मोजलं, ते बघा.

आत्मचरित्रांचा न्याय जरा वेगळा. सुनील गावसकरांचं 'सनी डेज' १९७६ सालचं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किंग्स्टनला वेस्ट इंडीजच्या तेज गोलंदाजांनी आपल्या फलंदाजांना झोडपून काढलं होतं. अंशुमन गायकवाडच्या कानावर चेंडू बसला, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला टाके, विश्वनाथचं बोट मोडलं. दुसऱ्या डावात ९७ वर डाव संपला तेव्हा पाच जण फलंदाजीला येऊच शकले नाहीत. गावसकरांनी त्या प्रकरणाला नावच 'किंग्स्टनमधला रानटीपणा' अशा अर्थाचं दिलं आणि तिथल्या प्रेक्षकांना काहीबाही लिहिलं. जखम ओली असताना लिहिलेलं आहे ते. वाचलं पाहिजे, आणि लगेच समोरच्या बाजूचं वाचलं पाहिजे: वेस्ट इंडीजवाले नुकतेच ऑस्ट्रेलियात लिली-थॉमसन या तेज जोडीचा मारा खाऊन ५–१ हरून आलेले, किंग्स्टनच्या आधीच्याच सामन्यात त्रिनिदादला आपण ४०३ धावांचं लक्ष्य गाठून त्यांच्या तीन फिरकीपटूंची फजिती केलेली, आणि त्यांचा कर्णधार क्लाइव्ह लॉइडने मनाशी ठरवलेलं की आता फिरकी पुरे. पुढची पंधरा-एक वर्षं जगाने त्याची फळं भोगली. दोन्ही बाजू वाचल्या म्हणून गायकवाडच्या कानाचं दुखणं कमी होत नाही. पण किंग्स्टनचे लोक रानटी होते हे वाक्य मात्र घशात अडकतं.

शिवाय आत्मचरित्र कुणी लिहिलंय तेही बघत जा. आंद्रे आगासीचं 'ओपन' इतकं सफाईदार का वाटतं? कारण ते शब्दांत उतरवलं जे. आर. मोरिंजर या कसलेल्या लेखकाने, आणि मुखपृष्ठावर आपलं नाव नको असं त्यानेच म्हटलं. त्याने आगासी खोटा ठरत नाही. पण एखादं वाक्य काळजात रुतलं, तर ते टेनिसपटूचं की मोरिंजरचं, असं थोडं थांबून म्हणावं.

इंग्रजी हळू वाचता, याची अजिबात खंत नको. दिवसाला दहा पानं खूप झाली. शेजारी शब्दकोशापेक्षा शाळेचा ॲटलास ठेवा, मुलाचा असेलच. देश अनोळखी असेल तर मराठी विश्वकोशातली त्या देशाची नोंद आधी वाचा, इंटरनेटवर फुकट आहे, भाषा जरा पगडी घातलेली आहे पण माहिती ठोस. आणि ज्या सामन्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे तो आधी बघा, पुस्तक नंतर. एक लक्षात ठेवून बघा: निकाल तुम्हाला माहीत आहे, मैदानातल्यांना नाही.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याला सांगा, बघायची. त्याला घेऊन जा शाहू स्टेडियमवर, शेंगदाण्याची पुडी घ्या, आणि मध्यंतरापर्यंत तोंडातून एकही देश काढू नका. लेफ्ट बॅककडे बघ, असं फक्त म्हणा, आणि तो कुठे चुकतोय ते दाखवा. एवढं तुमच्याइतकं चांगलं कुठलंच पुस्तक त्याला सांगू शकणार नाही. मध्यंतरात चहा येईल तेव्हा, वाटलं तर, बाळूंच्या मातीच्या भांड्याची गोष्ट सांगा. तो काय विचारतो ते मला कळवा.

तुमची,
ताई

ता. क. — तुमच्या मित्रासाठी. होंडुरासला हरवल्यावर अल साल्वादोरने हैतीलाही मागे टाकलं आणि १९७० चा वर्ल्ड कप गाठला, तोही मेक्सिकोतच. तिथे बेल्जियमकडून ३–०, यजमान मेक्सिकोकडून ४–०, सोव्हिएत संघाकडून २–० असे तिन्ही सामने हरले. त्यांना स्वतःला एकही गोल करता आला नाही. आता तो विचारेल, गोलकीपर कोण होता. ते मात्र तुम्ही शोधा.